सरपंचांच्या फेट्यातलं बुजगावणं

अख्ख्या तालुक्यात माझ्यासारखं बुजगावणं कोणी करत नाही. त्याला आजवर फक्त माझीच म्हैस बुजली, ही गोष्ट वेगळी.

द्वारकाकाकूंचा अर्धा भुईमूग वानरांनी उपटून खाल्ला. उरलेल्यासाठी राखणदार मागायला काकू चौथ्यांदा पंचायतीत आल्या, तेव्हा सरपंच गुलाबराव हसले.

"काकू, वानराला कसली आलीय अक्कल? लाख वर्षं गेली तरी त्याला माणसाची सर येणार नाही. बुजगावणं उभं करा. हवं तर माझा फेटा घ्या, माझा दरारा वानरांनाही कळेल."

मी गवत भरलं, वर फेटा बांधला. दोन दिवस वानरं फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी एक जण बुजगावण्याच्या खांद्यावर बसून निवांत शेंगा सोलत होता.

काकूंनी कुरतडलेला फेटा नेऊन सरपंचांच्या टेबलावर ठेवला. गुलाबराव वैतागले. "पुन्हा तेच? अहो, माणसाच्या अकलेपर्यंत पोचायला वानरांना किती काळ लागेल, सांगा बरं."

"ती कधीच पुढं गेलीत, सरपंच," काकू म्हणाल्या. "फेट्याखाली नुसतं गवत आहे, हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. आम्ही पंधरा वर्षं तुम्हालाच निवडून देतोय."