वाढवणीचा सडा

शके सतराशे चौऱ्याऐंशी, दुंदुभी संवत्सर, पौषाचा वद्य पक्ष. त्या साली मावठ झाले नव्हते. सड्यावरचे, म्हणजे घाटमाथ्याच्या उघड्या पठारावरचे, गवत कागदासारखे वाळले होते आणि थंडी हाडात उतरली होती. या सड्याला नाव पडले ते त्या पौषातल्या एका रात्रीवरून. त्याआधी याला नुसते वरचा सडा म्हणत.

आता इथे शहरातली माणसे तंबू घेऊन मुक्कामाला येतात. येऊ देत. इथे नळ नाही, दिवा नाही. पाणी खडकातल्या टाक्यातून शेंदून घ्यायचे. आग कुठेही पेटवायची नाही. कड्याच्या तोंडाशी दगडांचे मोठे चुलवण आहे, तिथेच करायची. आणि वर येणाऱ्या प्रत्येकाने पायथ्याहून एक लाकूड खांद्यावर घेऊन यायचे. लहान चालेल, पण स्वतः आणायचे. कोणी विचारते, वर लाकूड मिळत नाही का? मिळते. कारण ते नाही. कारण आहे ते असे सांगतात.

बयाजी आखाडे नावाचा धनगर होता. दिवाळी झाली की म्हशी घेऊन सड्यावर चढायचा आणि होळीपर्यंत तळ ठोकायचा, मग देशाच्या अंगाच्या आपल्या वाडीवर उतरायचा. कड्याच्या तोंडाशी कारवीच्या कुडाच्या, गवताने शाकारलेल्या तीन झोपड्या. एकीत तो, एकीत त्याची विधवा बहीण भागू, एकीत त्याचा एकुलता मुलगा धाकू आणि सून येसू. बयाजी मोजके बोलायचा. कोणाचे काही घ्यायचा नाही, कोणाच्या दारात जायचा नाही. घाटाखालच्या माणसांना तो माणसात धरत नसे. मऊ भात खाणारे लोक, म्हणायचा. तरी सून मात्र खालचीच मिळाली होती. येसू घाटाखालच्या धनगरवाड्यातली, तुकू झोरेची लेक. लग्न बयाजीने वरच लावून घेतले होते, त्याला वर्षही झाले नव्हते.

बयाजीला भीती एकाच गोष्टीची होती. वणव्याची. एक ठिणगी गवतात गेली तर उभा सडा जळणार, म्हशी उपाशी मरणार. म्हणून सांजेची भाकरी झाली की बाहेरच्या चुलवणातली आग बंद झाली पाहिजे, हा त्याचा नियम होता. ती बंद करणे भागूचे काम, तिला ते कधी सांगावे लागत नसे. त्या दिवशी भागूला ताप भरला होता. ती घोंगडीत पडून होती.

दिवस कलला तेव्हा बयाजीला दिसले, एक गाभण म्हैस कळपात नाही. त्याने काठी उचलली. जाताना येसूकडे न बघताच म्हणाला,

"आग वाढव."

आणि तो गेला.

आता इथे नीट ऐकायला हवे. सड्यावरच्या घरांत विझव हा शब्द तोंडातून काढत नसत. विझते ती चिता, असे मानत. नारळ फोडायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटत नाही, वाढते. तशी त्यांच्यात आगही वाढवायची. वाढव म्हणजे विझव. घाटाखाली नारळ वाढवत, बांगडी वाढवत, पण आग मालवत. आग वाढव म्हटले तर तिकडे माणूस लाकूड घालणार.

येसूने आकाशाकडे पाहिले. खालून, कोकणाच्या अंगाने, ढग चढत होता. आधी दऱ्या भरल्या, मग नाळ भरली. नाळ म्हणजे कड्याला पडलेली उभी चीर. कोकणातून सड्यावर यायची वाट तीच. धाकू मीठ आणायला खाली गेला होता. त्याच्याबरोबर दोन मीठवाले वर यायचे होते. नाळेत अर्ध्यावर वाट दुभंगते. उजवीकडची सड्यावर येते. डावीकडची चार पावले चांगली चालते आणि मग कड्यावरून खाली तुटते. उजेडात लहान पोरही चुकत नाही. ढगात हात समोर धरला तर दिसत नाही.

येसूला वाटले, म्हाताऱ्याला लेकाची काळजी पडली. तोंडाने बोलला नाही, पण आग वाढवायला सांगून गेला. म्हणे, त्या घरात आल्यापासून तिला सासऱ्याबद्दल पहिल्यांदाच बरे वाटले. तिने आधी चुलवणाभोवतीचे गवत हाताने उपटून जागा स्वच्छ केली. मग मोळी आणून घातली. मग दुसरी. होळीपर्यंत पुरावे म्हणून रचलेला सगळा साठा तिने ओढून आणला. जाळ पुरुषभर उंच गेला.

तिकडे बयाजीला म्हैस सापडली, पण ढगाने त्याला गाठले. ज्या सड्यावर तो जन्मला त्या सड्यावर त्याला आपली झोपडी कुठे आहे कळेना. तेवढ्यात ढगात एका जागी तांबडे दिसले. सडा पेटला! म्हैस सोडून तो त्या तांबड्याकडे धावत सुटला.

येऊन बघतो तर चुलवणात होळी पेटलेली आणि सून वर आणखी लाकूड टाकते आहे.

"काय केलंस हे?"

"वाढवली," येसू म्हणाली. धुराने तिचे डोळे चुरचुरत होते, पण चेहरा हसरा होता. "आणखी वाढवू का, मामंजी?"

"वाढव म्हटलं होतं मी तुला!"

"मग वाढवलीच की! एवढी पुरे नाही?"

झोपडीतून भागू तापातही ओरडली, "अगं बाई, दादा विझवायला सांगून गेला गं! आमच्यात वाढव म्हंजी..." तिने विझव हा शब्द उच्चारला आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

येसूचा चेहरा उतरला. बयाजी म्हणाला,

"खालची ती खालचीच. भाषा नाही आणि अक्कलही नाही."

टाक्यावरून घरासाठी आणि म्हशींसाठी आणलेल्या दहा-बारा घागरी भरून ठेवलेल्या होत्या. त्याने एक उचलली आणि जाळावर ओतली. दुसरी ओतली, मग एकेक करून सगळ्या ओतल्या. फस्स करून वाफ उठली. होता तेवढा उजेड गेला. ढग आत आला आणि सगळे सारखे झाले.

आणि नाळेतून हाक आली.

"बाबा! आग कुठं गेली?"

धाकूचा आवाज. बयाजी जागीच उभा राहिला.

"बाबा, आत्ता दिसत होती! आग दावा! दोन वाटा झाल्यात, कळंना कुठली!"

बयाजीने जीव खाऊन हाक मारली, "उजवीकडं ये!" पण ढगात हाक भलतीकडूनच ऐकू येते. खालून मीठवाल्याचा आवाज आला, "हाक डावीकडनं आली, तिकडंच चला." मग दगड घरंगळल्याचा आवाज झाला. दगड पडत राहिला, पडत राहिला, आणि तळ गाठल्याचे काही ऐकू आले नाही.

"थांबा! हलू नका!" बयाजी ओरडला. ते ऐकू गेले की नाही देव जाणे. थंडीत त्या धारेवर किती वेळ उभे राहणार? डोक्यावर मिठाचे ओझे, पायाखाली वीतभर खडक.

बयाजी गुडघ्यावर बसला आणि ओली लाकडे उलथू लागला. लाकूड उचलावे तर खाली चिखल. इतकी वर्षे त्याने आग बंद करायला शिकवले होते. बंद झालेली परत कशी उठवायची ते त्याच्या हातांना सुचेना.

येसूने त्याला बाजूला सारले. सुनेने सासऱ्याला हात लावायचा नसतो. तिने लावला. पदर हाताला गुंडाळून तिने चुलवणाच्या तळाशी, दोन दगडांच्या सांदीत हात घातला. तिथे पाणी पोचले नव्हते. दोन निखारे निघाले. तिने झोपडीच्या आतल्या अंगाचे कोरडे गवत उपसले, निखारे त्यात धरले आणि फुंकर घातली. गवताने पेट घेतला. पण गवत म्हणजे चार श्वासांचा खेळ. वर घालायला कोरडे लाकूड हवे आणि सगळा साठा तर भिजलेला.

ती झोपडीत गेली आणि काठवट घेऊन आली.

फणसाच्या एका ओंडक्यात कोरलेली, भाकरीचे पीठ मळायची काठवट. तिच्या आईची. आई गेली तेव्हा येसूच्या वाट्याला तेवढीच आली होती. पिठाने आणि हाताने घासून घासून आतून गुळगुळीत झालेली, हाडासारखी कोरडी. येसूने ती दगडावर आपटली. एकदा आपटली, फुटली नाही. दुसऱ्यांदा फुटली. तुकडे तिने गवतावर उभे रचले.

पिवळा जाळ झाला. फणसाचे लाकूड पिवळेच असते, म्हणून तसा दिसला असेल. पण म्हणे, त्या जाळाला धूर नव्हता, आणि तो वाऱ्याने वाकला नाही. एका काठवटीत लाकूड ते केवढे? तरी तीन माणसे नाळ चढून वर येईपर्यंत तो जाळ उभा होता. काहीजण म्हणतात, तिची आई आली. काहीजण म्हणतात, लाकूड मुरलेले होते. ज्याला जे मानायचे ते त्याने मानावे. माणसे वर आली, एवढे खरे.

आधी धाकू आला, मागून दोघे मीठवाले. एकाचे ओझे दरीत गेले होते, बाकी धडधाकट होते. मीठवाल्यांतला थोरला बयाजीच्या पाया पडला.

"बाबा, आग वाढवायचं सुचलं तुम्हाला म्हणून जगलो. सड्यावरची माणसं दगड असतात असं आमच्याकडं म्हणतात. खोटं आहे ते."

धाकू येसूला म्हणाला, "बाबांनी सांगितलं व्हय गं?"

येसूने सासऱ्याकडे पाहिले नाही.

"होय," ती म्हणाली. "जाताना सांगून गेले. आग वाढव म्हणाले."

त्यात एक अक्षर खोटे नव्हते. भागू घोंगडीतून बघत होती, ती काही बोलली नाही. बयाजीही बोलला नाही.

गोष्ट मीठवाल्यांच्या तोंडून खाली गेली आणि गावोगाव झाली. बयाजीने आग वाढवायला सांगितली. बयाजीने तीन जीव वाचवले. वाटसरू मुद्दाम वाकडी वाट करून त्याच्या पाया पडायला येऊ लागले. त्यांच्यासमोर येसू परातीएवढ्या एका सपाट दगडावर पीठ मळत बसलेली असायची. पीठ दगडाच्या कडेवरून सांडायचे, ती ते गोळा करायची. बयाजीच्या घशाखाली भाकरी उतरेना. तिच्या हातचे वाढलेले तो ताटात तसेच ठेवून उठू लागला. धाकूला वाटले, म्हातारा आजारी आहे. भागू एक दिवस म्हणाली,

"दादा, भाकरीवर कशाला राग काढतोस? भाकरीनं काय पाणी ओतलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी उजाडताच बयाजी नाळेने खाली उतरला. जन्मात पहिल्यांदा तो घाटाखालच्या माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला. तुकू झोरे लगबगीने बाहेर आला.

"या व्याही! वाट चुकला की काय?"

"फणसाचा ओंडका पाहिजे."

"देतो की. पण वर काय झाडं मेली? तुम्ही आमच्याकडं मागायचं म्हंजी नवलच."

बयाजी ओसरीवर बसला नाही. पाणी घेतले नाही. अंगणात उभा राहून त्याने सांगितले.

"तुझ्या लेकीला मी आग बंद करायला सांगितली होती. तिनं ती मोठी केली. मी येऊन पाणी ओतलं. माझा लेक कड्यावर होता. तिनं आईची काठवट जाळली आणि त्याला वर आणला. लोक माझ्या पाया पडतात. तसं नाही. तू हे तुझ्या गावात सांग."

शेजारी जमले होते, त्यांनीही ऐकले. तुकू आत गेला. मग कुऱ्हाड घेऊन मागच्या फणसाकडे गेला. येसूच्या आईच्या काठवटीचे लाकूड त्याच झाडाचे होते.

ओंडका उचलायला चार जण पुढे झाले. बयाजीने कोणाला हात लावू दिला नाही. त्या वयात तो ओंडका खांद्यावर घेऊन तो नाळ चढला. वाटेत मीठवाले भेटले, तेव्हा त्यांनाही खरे काय ते सांगितले. तेव्हापासून हे नाव पडले, वाढवणीचा सडा.

आजही इथे येणारा प्रत्येक माणूस खालून एक लाकूड खांद्यावर आणतो. मोठ्या पगाराचा असो, म्हातारा असो, स्वतःच आणतो. सगळ्या घाटमाथ्यावर आजही आग वाढव म्हणजे बंद कर. या एका सड्यावर मात्र आग वाढव म्हटले की लाकूड घालायचे. सून म्हणाली तोच अर्थ इथे चालतो. कड्याच्या तोंडाशी, आजूबाजूचे गवत उपटून, ढग चढला की आग मोठी करायची आणि नाळेत कोणी नाही याची खात्री झाल्यावरच निजायचे.

बयाजी सुतार नव्हता. तासणी त्याने कधी हातात धरली नव्हती. होळी जवळ आली, म्हशी उतरायचे दिवस आले, तोवर तो ओंडका कोरत बसायचा. काठवट झाली ती एका अंगाला जाड, एका अंगाला पातळ. त्याने ती धुतली, येसूच्या पुढ्यात ठेवली आणि तो जाऊन पाटावर बसला.

येसूने काठवटीत नाचणीचे पीठ घेतले, पाणी घातले, मळले. भाकरी थापली, भाजली. ती वाढायला आली आणि दर वेळेसारखी घुटमळली.

"वाढ," बयाजी म्हणाला.

तिने वाढली. तो जेवला.