भुरीचा पहारा

फार जुन्या काळी एका उंबराच्या ढोलीत मधमाश्यांचं पोळं होतं. भुरी नावाची म्हातारी माशी तिथे पहारा करायची. घरचा वास आला की आत घ्यायचं, परका वास आला की डंख मारायचा, एवढंच तिला शिकवलेलं.

एकदा आतल्या बोळात टिकली नावाची कामकरी माशी मेण लावू लागली, ती थांबेचना. भिंत पुरी झाली तरी तिचे पाय चालूच. मेणाचा गोळा फुगला. भुरीने धावत येऊन तो कुरतडला, पण टिकली दुप्पट लावायची. भुरी दमून गेली.

"ताई, मी काय परकी आहे? वास घेऊन बघ," टिकली म्हणाली आणि तिने मधाचा थेंब पुढे केला.

वास घरचाच होता. भुरी घटकाभर टेकली. मग रोजच तिथे बसू लागली, आणि गोळ्याजवळ येणाऱ्यांनाच हटकू लागली.

होता होता बोळ बुजला. पलीकडच्या पिल्लांना अन्न पोचेना. शेवटी पिल्लांना भरवणारी रेशमी तो गोळा फोडायला आली. भुरी तिच्या अंगावर धावली.

"ताई, तू राखतेयस तरी कुणाला?" रेशमी रडकुंडीला आली.

भुरी थबकली. रेशमीलाही घरचाच वास होता. मेणापलीकडून पिल्लांची क्षीण वळवळ जाणवत होती.

भुरी टिकलीकडे वळली. "तू घरचीच आहेस गं," ती हळूच म्हणाली, "म्हणून तर मला इतका उशीर झाला."

आणि तिने मेणाचा पहिला लचका तोडला.