साळुंकी आणि दोन काठ

माणसांनी गुरांना दावं बांधायच्या आधीची ही गोष्ट. ओढ्याकाठच्या कुरणात म्हशींचा कळप चरायचा आणि एक साळुंकी या पाठीवरून त्या पाठीवर जाऊन गोचीड वेचून खायची. म्हशींना आराम पडायचा, तिचं पोट भरायचं.

एके वर्षी तापाची साथ आली. आजारी म्हशी आपणहून ओढ्यापलीकडे जाऊन बसल्या. थोरली म्हैस साळुंकीला म्हणाली, "बाई, कुठल्या तरी एकाच काठावर राहा. तुझ्या पायांना चिकटून रोग इकडे येईल."

"मी ठणठणीत आहे," साळुंकी फणकारली. "आणि पंख माझे आहेत. कुठं जायचं ते मी ठरवीन."

"ठरव बाई. तुला अडवायला आम्हाला कुठं उडता येतंय?"

साळुंकी दोन्हीकडे जात राहिली. पलीकडच्यांना एकटं सोडवेना, आणि इकडे थोरलीच्या रेडकाच्या पाठीवर बसल्याशिवाय तिला करमेना. मग एका सकाळी रेडकू तापानं फणफणलं. थोरलीनं साळुंकीला बोल लावला नाही. रेडकाला ओढ्यापर्यंत पोचवलं आणि पाण्याकडे बघत ती उभी राहिली.

साळुंकी रेडकाच्या मागोमाग गेली. त्याच्या डोळ्यांवरच्या माश्या टिपायची, आणि रोज सकाळी पलीकडूनच ओरडून थोरलीला त्याची खुशाली कळवायची.

साथ ओसरली. रेडकू ओढा तुडवत आईकडे धावलं. साळुंकी मात्र काठावरच्या बाभळीवर थांबली.

"पंख तर तुझेच होते," थोरली म्हणाली. "मग इतके दिवस आली का नाहीस?"

"पंख माझेच आहेत," साळुंकी म्हणाली. "पाठी तुमच्या होत्या."