पिंगळ्याच्या कपाळावरची भेग

फार फार पूर्वी, ज्याच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही अशा एका राज्यात, डोंगराच्या पायथ्याशी सुतारांचं एक गाव होतं. त्या गावात एक छोटं कौलारू घर होतं. त्यात माणसं राहत नव्हती, लाकडाची पाखरं राहत होती. एका फळीवर धनेश, दुसरीवर खंड्या, कोपऱ्यात घुबडं आणि ससाणे. लोक त्याला पाखरघर म्हणत.

ते बांधलं होतं एका जुन्या सुतारानं. त्याची बायको अंथरुणाला खिळली होती. तिला रान बघायचं होतं, आणि ते तिच्यापाशी येणार नव्हतं. म्हणून हा रोज रानात जायचा, एकेक पाखरू डोळे भरून बघायचा आणि घरी येऊन तिच्यासाठी कोरायचा. ती गेली तसं त्यानं ते घर सगळ्यांना खुलं केलं. इतकी साधी, चांगली गोष्ट होती.

मग ती थोरामोठ्यांच्या हातात पडली.

त्यांनी नियम केला. नव्या कारागिरानं फळीवरचं पाखरू समोर ठेवायचं आणि हुबेहूब तसंच कोरायचं. रानात जायचं कारण नाही. "पूर्वजांनी बघून ठेवलंय ना सगळं? आता पुन्हा बघणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं." ऐकायला किती छान! खरं कारण एवढंच, की यांचे गुडघे दुखत आणि तसं म्हणायची लाज वाटे.

झालं काय, ते पिंगळ्यापुरतं सांगतो. पिंगळा म्हणजे मुठीएवढं घुबड. जुन्या सुतारानं कोरलेला पिंगळा वाळताना तडकला आणि त्याच्या कपाळावर उभी भेग गेली. पुढच्या कारागिरानं नक्कल करताना भेगही कोरली. त्याच्या पुढच्यानं ती सरळ केली. त्याच्याही पुढच्यानं तिच्यात शेंदूर भरला, आणि मग थोरांनी तिला नाव दिलं, कुलरेषा. डोळ्यांचंही तसंच. बाजूनं कोरायला सोपे, म्हणून प्रत्येकानं ते थोडे थोडे कानाकडे सरकवले. शेवटी पिंगळ्याला कोंबडीचे डोळे आले. तो देवळात नेऊन बसवला असता तर लोकांनी नारळ फोडला असता. रानात मात्र त्याला कुणी ओळखलं नसतं.

त्या गावात एक मुलगी होती. हात चांगला आणि जीभ लाकूड कोरायच्या पटाशीहून धारदार. तिची परीक्षा आली. परीक्षा अशी, की आपण कोरलेलं पाखरू थोरांपुढे ठेवायचं. त्यांनी मान डोलावली तर ते फळीवर जाणार आणि जन्मभर पाखरं कोरायचा हक्क मिळणार. नाही म्हणाले तर पटाशी त्यांच्या हवाली करायची आणि मरेपर्यंत पोळपाट-लाटणी करत बसायचं. पाखरांना पुन्हा हात लावायचा नाही. दुसरी संधी नाही.

तिच्या वाट्याला पिंगळा आला. फळीवरचा पिंगळा तिनं एकदा बघितला आणि हसून ठेवून दिला. गावाबाहेरच्या आंब्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहत होती. ती रोज तिथे जाऊन बसायची. तो मान कशी खालीवर करतो, पांढऱ्या भुवया कशा ताणतो, समोरचे पिवळे डोळे कसे रोखतो, सगळं बघून आली आणि पांगाऱ्याच्या लाकडात तसंच उतरवलं.

परीक्षेच्या दिवशी थोर मंडळी पाखरघराच्या ओट्यावर बसली. खाली सगळं गाव जमलं. सगळ्यांत वयस्कर जो होता, ज्याला लोक थोरले म्हणत, त्यानं तिचा पिंगळा उलटसुलट करून बघितला.

"कुलरेषा कुठाय?"

"ती भेग आहे, थोरले. लाकूड तडकलं होतं."

"आणि डोळे असे समोर? माणसासारखे?" शेजारचा म्हातारा खो खो हसला. "याला आता धोतर नेसव आणि चावडीवर बसव!"

"बसवते की. तुम्ही जरा सरकून बसा."

खाली खसखस पिकली. आईनं तिचा हात ओढला. "गप गं! पटाशी जाईल हातची."

"अगं, मी बघून कोरलाय, आई." मग ती ओट्याकडे वळली. "आंब्याच्या ढोलीत खराखुरा बसलाय. हाकेच्या अंतरावर आहे. चला, दाखवते."

"आम्ही कशाला यायचं?" थोरले म्हणाले. "आमच्याकडे पिंगळा आहे. आणि रानातला तसा दिसत असेल, तर तो बिघडलाय. पूर्वीचे पिंगळे असे नव्हते."

बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एकालाही हसू आलं नाही, हे विशेष.

"आण ती पटाशी."

मुलीनं पटाशी छातीशी धरली. "देते. पण निकाल तुमच्याकडून नको. पिंगळ्याशी ज्यांचं रोजचं वैर आहे, त्यांच्याकडून हवा. पिंगळा पाखरांची पिल्लं खातो. दिवसा दिसला की सगळी पाखरं जमून त्याला हुसकतात. दोन्ही पिंगळे कुंपणावर ठेवा. माझ्या पिंगळ्यावर कुणी धावून आलं नाही, तर पटाशी तुमची आणि मी पोळपाटांची."

थोरले हसले. "ठेवा. पूर्वजांचं काम पाखरंसुद्धा ओळखतील."

आधी थोरांचा पिंगळा ठेवला. लोक लांब उभे राहिले. एक साळुंकी आली. सरळ त्याच्या डोक्यावर बसली, इकडेतिकडे बघितलं, कुलरेषेवर चोच पुसली आणि त्याच्या डोळ्यावर शिटून उडून गेली.

"अहो, ओळखलं की तिनं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"थांबा, जरा वेळ द्या," थोरले म्हणाले. वेळ दिला. एक चिमणी आली आणि पिंगळ्याच्या सावलीत निवांत पंख पसरून बसली.

मग मुलीचा पिंगळा ठेवला. काहीच हललं नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकांना कोपरानं ढोसलं. थोरल्यांनी पटाशीसाठी हात पुढे केला.

तेवढ्यात कडुनिंबावरून काळा कोतवाल पक्षी कर्कश ओरडला. बाणासारखा खाली आला, पिंगळ्याच्या डोक्यावरून सपकन गेला आणि वळून पुन्हा आला. त्याच्या हाकेसरशी बुलबुल आले. सातभाईंचं टोळकं आलं आणि भांडण लागल्यासारखं कलकलू लागलं. साळुंक्या आल्या, चिमण्या आल्या. खोडावर उलटी लटकून खारसुद्धा शेपटी झटकत शिव्या देऊ लागली. एका बुलबुलानं तर पिंगळ्याच्या भुवईवर चोच हाणली. थोरले काहीतरी बोलत होते, पण त्या गदारोळात त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते.

"माझ्या पोरीचा पिंगळा!" आई किंचाळली. "बघा, बघा! माझ्या पोरीचा!" आणि मग पाखरं जास्त ओरडतात की गाव, हे कळेना.

पाखरं दमून पांगली तेव्हा थोरले उठले. "पाखरांना कलेतलं काय कळतं?" ते म्हणाले.

अख्खं गाव हसलं. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलं. त्या हसण्यात नियम वाहून गेला, परीक्षा वाहून गेली आणि ओट्यावरचा दराराही.

मुलीनं आपल्या हातानं पिंगळा फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून गावातली तरुण पोरं-पोरी रानात जाऊन बसू लागली. फळीन् फळी नव्यानं कोरली गेली, आणि लांबलांबची माणसं ते घर बघायला वाट तुडवत आली. थोरले बदलले का? नाही. पाखरं बिघडलीत असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. ऐकायला कुणी बसत नव्हतं, एवढंच.

ती मुलगीही पुढे म्हातारी झाली. तिचेही गुडघे दुखू लागले. एखादी पोर नवं पाखरू घेऊन पसंतीसाठी आली, की ती म्हणायची, "मला काय विचारतेस? मी रानात जाऊन किती दिवस झाले! बाहेर ठेव, पाखरांना ठरवू दे."

बोध एवढाच: ज्या मोठ्या माणसानं स्वतः बघायचं सोडलं, त्याच्या वयाला नमस्कार करा, त्याच्या निकालाला नको.