हरलेल्याच्या दारात

जपून उतरा, इथले गोटे पायाखाली फिरतात. हे जे दगडांचं रुंद पात्र दिसतंय ना, त्यात पावणेदोनशे वर्षांत नदी वाहिलेली नाही. ती गेली त्या टेकाडाच्या पलीकडून. मी मूळचा साताऱ्याचा. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि लेकीपाठोपाठ कॅलिफोर्नियातल्या या विलोबेंड गावात आलो. पाण्याचं मला थोडंफार कळतं, म्हणून छातीठोकपणे सांगतो, ही नदी आपणहून हलली नाही. माणसांनी हलवली.

टेकाडावर तेव्हा सोनं शोधणाऱ्यांची छावणी होती, केटल बार नावाची. तळातलं सोनं काढायचं तर नदीच बाजूला सारायची, ही त्यांची रीत. उन्हाळाभर खपून त्यांनी छावणीच्या मागून, विलोबेंडच्या बाजूने चर खणला, बांध घातला आणि अख्खी नदी त्यात वळवली. फक्त एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. दोन काउंटींची, म्हणजे आपल्या भाषेत दोन जिल्ह्यांची, हद्द ही नदीच होती! पठ्ठ्यांनी आपली छावणी स्वतःच्या हातांनी शेजारच्या जिल्ह्यात नेऊन ठेवली.

महिन्याभरात शेरीफची निवडणूक आली. शेरीफ म्हणजे मतांनी निवडलेला फौजदार समजा. एझ्रा टॉलिव्हर नावाचा लोहार आणि सायलस ब्रँट हा खानावळवाला, असे दोघे उभे होते. टॉलिव्हर जिंकला, पण केटल बारच्या मतांवर. ब्रँटने लगेच हरकत घेतली: नदी सरकली, छावणी परक्या जिल्ह्यात गेली, तिची मतं बाद. टॉलिव्हर म्हणे, हद्द जुन्या पात्राचीच. प्रकरण कोर्टात गेलं. निकालापर्यंत तुरुंगाच्या किल्ल्या टॉलिव्हरकडे राहिल्या आणि गावात दोन तट पडले. ब्रँटच्या माणसांनी घोड्यांना नाल ठोकायला लोहाराकडे जाणंसुद्धा बंद केलं.

अशात केटल बारमध्ये सोन्याची पिशवी चोरीला गेली. आळ आला इग्नासियो नावाच्या मेक्सिकन खेचरवाल्यावर. पुरावा काय, तर तो त्या दिवशी तिथे होता. टॉलिव्हरने त्याला छावणीतून सोडवून आणून कोठडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी छावणीचे शंभरेक लोक दोर घेऊन तुरुंगासमोर आले.

"तुला शेरीफ आम्ही केलं," ते म्हणाले. "त्याला बाहेर काढ."

तुरुंग तरी कसला, लाकडी खोपटं. दारात टॉलिव्हर एकटा. ब्रँट आणि त्याची माणसं समोरच्या खानावळीच्या ओट्यावर बंदुका घेऊन मजा बघत उभी. जो आपला शेरीफच नाही, त्याच्या मदतीला का जा? हे टॉलिव्हरला कळत होतं. त्याला ती खुर्ची नको होती असं नाही हं. तिच्यासाठी तो महिनाभर दारोदार फिरला होता. तरी, असं सांगतात, त्याने गर्दीवरून हाक मारली.

"सायलस! तुझंच खरं. नदी सरकली. ह्यांची मतं बाद, शेरीफ तू. हा कैदी आता तुझा, बघ त्याचं काय ते!"

आणि किल्ल्या ओट्यावर भिरकावल्या.

ब्रँटने किल्ल्या उचलल्या, म्हणे. मग खाली उतरला. त्याची चाळीस माणसं मागोमाग आली आणि टॉलिव्हरच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. छावणीवाले शिव्या देत माघारी फिरले. ब्रँटने स्वतः इग्नासियोला नदीपलीकडच्या जिल्ह्यातल्या दगडी तुरुंगात पोचवलं. पुढे ती पिशवी छावणीतल्याच एका तंबूत सापडली आणि इग्नासियो सुटला.

परतल्यावर ब्रँट थेट लोहाराच्या घरी गेला. टोपी काढून दारात उभा राहिला. टॉलिव्हरने ती टोपी त्याच्या हातातून घेतली, त्याच्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाला, "जा, कामाला लाग."

मला हा माणूस फार मोठा वाटतो, खोटं कशाला बोलू. निवडणूक हरणारे पुष्कळ असतात. जिंकलेली सोडून देणारा मी एवढा एकच ऐकला.

आजही विलोबेंडमध्ये निवडून आलेला शेरीफ शपथेआधी हरलेल्याच्या दारात जातो, टोपी हातात घेऊन. कधी पाच मिनिटं, कधी तासभर उभा राहतो. हरलेल्याने ती टोपी आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर ठेवली, की मगच शपथ होते.