राजाकडे तोंड करणारा कोंबडा

राजवाड्याच्या छपरावरच्या कोंबड्यानं राजाला शेपटी दाखवली, म्हणून मल्हारी तांबट कोठडीत पडला!

कोंबडा पत्र्याचा हो! जिकडून वारा येईल तिकडे चोच करून उभा राहणारा. मल्हारी आणि त्याची बायको ठकू गावाकडच्या आपल्या कारखान्यात असे कोंबडे घडवायचे. पण भूपतराजे सज्जात आले आणि नेमका वारा उलटा!

ठकू गयावया करायला गेली, तर राजे कडाडले, "आमच्याच राज्यात आमच्याकडे पाठ? आम्ही बसू तिकडेच तोंड करील असा कोंबडा उद्या आण. हात लावायचा नाही, दोरी बांधायची नाही. नाहीतर नवरा कोठडीतच सडेल!"

कडेवरची तान्ही पोर रडायला लागली. ठकू तिला थोपटू लागली. पण निघता निघता तिची नजर राजांच्या पाठीमागे गेली आणि तिथंच खिळली.

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या मधोमध तिनं नवा कोंबडा उभा केला. डोकं हलकं, शेपटी चांगली सुपाएवढी!

"महाराज, दारं-खिडक्या तेवढ्या लावून घ्या. नवा आहे बिचारा, बाहेरच्या कोंबड्या बघून बिथरेल!"

दरबारी फिदीफिदी हसले. दारं लागली, आणि थोड्याच वेळात सगळे घामाघूम!

"हात मोडले का रे? जोरात हलवा!" राजे पाठीमागच्या पंखेवाल्यांवर खेकसले.

पंखे सपासप हलले. कोंबडा कुरकुरला, गर्रकन फिरला आणि राजांसमोर चोच करून थांबला!

राजे उठून उजवीकडे बसले. राजे जातील तिथं पंखेवाल्यांनी मागं धावायचं, हा दरबारचा रिवाजच. ठकूनं काल हेरलं होतं ते हेच! कोंबडा उजवीकडे वळला. राजे डावीकडे गेले, कोंबडाही डावीकडे!

"लबाडी! शुद्ध लबाडी!" दिवाणजी ओरडले. "महाराज, हा तर पंख्याच्या वाऱ्यावर फिरतोय!"

"मग दिवाणजी," ठकू म्हणाली, "दरबारात वारा महाराजांकडूनच सुटतो, आणि शहाण्यानं तिकडेच तोंड करायचं असतं. तुम्ही इतकी वर्षं तेच करताय, तेव्हा कुणी लबाडी म्हटलं का?"

राजे पोट धरधरून हसले. त्यांना हसताना पाहून दरबारी हसले, आणि मग नाइलाजानं दिवाणजीही!

"बघा, वळले!" ठकू म्हणाली.

"सोडा त्या तांबटाला!" राजे डोळे पुसत म्हणाले. "आणि हिला सोन्याचं कडं द्या. खजिन्यातलं नको, दिवाणजींच्या हातातलं!"