सशांचा नवा प्रशिक्षक

पठारावर माणसाचे पाऊल पडण्यापूर्वी तिथे प्राण्यांची अव्वल फुटबॉल लीग खेळली जाई. हंगामाअखेर तळाला राहिलेल्या संघाला दरीतल्या लीगमध्ये उतरावे लागे, आणि दरीत तरस राहत.

यंदा ससे तळाला होते. प्रत्येक पराभवानंतर ते भेदरून प्रशिक्षक बदलत. घोरपड गेली, साळिंदर गेले. म्हातारी कासवीण म्हणाली, "बाळांनो, धीर धरा. बचाव आता कुठे जमतोय." दुसऱ्याच दिवशी तिलाही काढले.

शेवटच्या सामन्याआधी पठारावरचे कुणीच यायला तयार होईना. तेव्हा घाबरलेला कर्णधार कड्यावरून दरीत ओरडला, "आम्हाला वाचवायला कुणी येता का?"

एक तरस सावकाश वर आला. ससे एकमेकांना चिकटले.

"थरथरता कशाला?" तो म्हणाला. "मी खालीच तुमची वाट पाहणार होतो. तुम्हाला फारच घाई दिसते."